माशांचा थवा की कळप?

सोमवार, रात्र

ऑनलाइन ज्ञानकोशातल्या माशांच्या थव्यावरच्या लेखाचं चर्चापान, म्हणजे लिहिणाऱ्यांनी आपसात वाद घालायचं पान, आता लेखाहून लांब झालंय. हा ज्ञानकोश लिहायला सगळ्यांना मोकळा आहे म्हणतात. आहे मोकळा, पण दारात चपला काढायच्या आणि कुठल्या पायातली आधी काढली ते लिहून द्यायचं.

वाद शीर्षकाचा. एकाच्या मते थवा पाखरांचा, माशांचा कळप. दुसऱ्याला कळप म्हटलं की शेळ्यामेंढ्या दिसतात. तिसऱ्यानं 'समूह' सुचवलाय. अगदी सरकारी तोडगा, कुणाला आवडत नाही आणि कुणाला खोडताही येत नाही. आमच्या बाजारातली मावशी पाटावर मांडलेल्या बांगड्यांना वाटा म्हणते. त्यावर कुणाचं दुमत नाही, पण तो मासे मेल्यानंतरचा शब्द.

खरी मेख वेगळीच आहे. इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक इथे दोन गोष्टी वेगळ्या धरतात. मासे नुसते सोबतीनं राहिले, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, तर तो शोल. सगळे एका दिशेनं, एका चालीनं पोहू लागले की स्कूल. (या स्कूलचा शाळेशी काही संबंध नाही. टोळी या अर्थाच्या जुन्या डच शब्दावरून तो आला.) मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मी हे पाहिलंय. चंदेरी मासे टाकीभर पांगलेले, मोठ्या माशाची सावली पडली की सगळ्यांची तोंडं झटक्यात एकीकडे. सावली सरकली की पुन्हा पांगापांग. तेच मासे, तेच पाणी. शीर्षक नेमकं कुठल्या क्षणाला द्यायचं?

हे पाहिलेलं मी लेखात दोन ओळींत घातलं होतं. संध्याकाळपर्यंत उडालं. कारण: व्यक्तिगत निरीक्षण, संदर्भ नाही.

आणि त्याच लेखात समूहवाचक इंग्रजी शब्दांची यादी मात्र सुखरूप! तिचं मूळ १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये. शिकारीचा शौक असलेल्या बड्या लोकांसाठीचं पुस्तक. त्यात पशुपक्ष्यांच्या रांगेत मठातल्या नन्सही आहेत आणि त्यांच्या घोळक्याला दिलेल्या शब्दाचा अर्थ 'गरजेपेक्षा जास्त'. उघड थट्टा आहे ही. पण छापील थट्टा, त्यामुळे पाचशे वर्षांनीही तिला तळटीप मिळते.

नियम मला पटत नाही असं नाही. तो नसता तर प्रत्येकाच्या काकांनी मालवणला पाहिलेला देवमासा लेखात आला असता. चीड येते ती नियम सांगणाऱ्यानं मासा न बघण्याची. मग मीही छापील पुरावा काढला. १९७६ साली 'सायन्स' या नियतकालिकात पिचर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग मांडला होता: साइथ जातीच्या माशाच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणं बसवली, तरी तो डोळस माशांच्या स्कूलमध्ये जागा धरून पोहत राहिला. अंगाच्या कडेनं जाणाऱ्या पार्श्वरेखेला शेजाऱ्याच्या हालचालीनं ढवळलेलं पाणी कळतं. दिसत नसताना रांग न मोडणारा मासा! लेखाची सुरुवात याच्यापासून व्हायला हवी होती, कळप-थव्यापासून नव्हे.

हा परिच्छेद संदर्भासकट टाकलाय. आत्ताच कुणीतरी विचारलंय, पृष्ठ क्रमांक कुठाय? शीर्षकासाठी मी थव्याच्या बाजूनं मत दिलंय. समूहवाले गृहस्थ धोरणाचा दुवा घेऊन तयारच आहेत.