सेटलमेंटनंतरचं पहिलं कार्ड

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि आमच्या मेसची चाळीस-बेचाळीस मुलं आठवड्याभरात आपापल्या गावी गेली. स्वयंपाकघर वाढवायला घेतलेलं वैयक्तिक कर्ज आणि एक क्रेडिट कार्ड, दोन्ही माझ्या अंगावर. सुरुवातीला कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरत राहिले, मग तेही जमेना. २०२२ साली कार्डाच्या बँकेशी तडजोड, म्हणजे सेटलमेंट, झाली. थकबाकी १,८६,००० रुपये होती, ती बांगड्या मोडून ९५,००० एकरकमी भरून मिटवली. कर्ज मात्र पुढच्या वर्षी व्याजासकट पूर्ण फेडलं. वसुलीचे फोन थांबले त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी शांत झोपले. वाटलं, सुटलो.

२०२४ च्या सुरुवातीला मेस पुन्हा भरली होती. मोठा फ्रीज हप्त्यावर घ्यायला गेले तर दुकानातच नकार मिळाला. फ्रीजवाचून चाललं असतं. पण लेक तेव्हा दहावीला होती. पुढे शैक्षणिक कर्ज लागणार, त्याला पालक सह-कर्जदार लागतो आणि त्याचा सिबिल, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून ठरणारा स्कोअर, बघतात, हे मला ठाऊक होतं. तिचा अर्ज माझ्या नावामुळे अडला असता तर मला ते सोसलं नसतं.

आपल्याकडे साध्या माणसाला दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होण्याची वाट जवळपास नाहीच. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग आजवर कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झालाय. जुने कायदे आहेत म्हणतात, पण त्या वाटेनं गेलेलं कुणी मला भेटलं नाही. आमच्यासारख्यांच्या दिवाळखोरीचं नाव सेटलमेंट, आणि ती कोर्टात नाही तर क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदवहीत, नोंदली जाते.

फ्रीजच्या नकारानंतर मी घाईत एक चूक केली. एकाच आठवड्यात दोन बँकांत साध्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज टाकले. दोन्ही नाकारले गेले, आणि प्रत्येक अर्जामागे बँकेनं माझा रिपोर्ट तपासल्याची नोंद त्याच रिपोर्टवर चढली. आपण स्वतः आपला रिपोर्ट कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही, पण कर्जासाठी बँकेनं बघितला की त्याची खूण राहते. आधी रिपोर्ट बघायला हवा होता, तो मी नकार आल्यावर बघितला.

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी चारही मागवले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचले. सिबिलचा स्कोअर ५७८. मोजमाप ३०० ते ९०० असतं आणि बँकांना साधारण ७५० च्या पुढचा आवडतो. कार्डासमोर 'सेटल्ड' असा शेरा होता, तो खराच होता. पण जे कर्ज मी पै न् पै फेडलं होतं, ते दोन रिपोर्टांत अजून थकीत दिसत होतं. तो आकडा बघून मला रडू आलं. ते पैसे कसे उभे केले ते माझं मलाच माहीत.

एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, जपून ठेवली होती, ती जोडून दोन्ही ठिकाणी तक्रार नोंदवली. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मी मे महिन्यात तक्रार केली आणि २६ व्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. नवं काहीही न घेता स्कोअर ६०४ झाला. म्हणून मला कुणी कार्डाबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारते, रिपोर्ट ओळ न् ओळ वाचलास का?

याच काळात एका माणसाचा फोन आला होता. पाच हजारांत सेटलमेंटचा शेरा पुसून देतो म्हणाला. खोटी नोंद असेल तर ती आपली आपल्याला फुकट दुरुस्त करून घेता येते, आणि खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. कृपा करून अशांना पैसे देऊ नका.

मग कार्ड. माझ्यासारखीला मिळणारं कार्ड म्हणजे एफडीवरचं. आपल्या पैशांची एफडी करायची, बँक तिच्यावर लिन लावते, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही, आणि तिच्या काही टक्के लिमिट मिळतं. एफडीचं व्याज मिळत राहतं. उत्पन्नाचे कागद सहसा मागत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे रिपोर्टमध्ये हे कार्डाचं खातं म्हणून रोजच्यारोज नाही तरी नियमित नोंदलं जातं. दिसायला तशीच असणारी प्रीपेड कार्डंही मला दाखवली गेली, ज्यात आधी पैसे भरायचे आणि तेवढेच खर्चायचे. त्यात उधारी नाही, त्यामुळे परतफेडीचा इतिहासही तयार होत नाही.

तीन बँका फिरले. एकीकडे कार्डासोबत विमा घ्यायलाच लागेल असं सांगितलं, तिथून उठले. दुसरीकडे वर्षाची फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. रिवॉर्ड पॉइंट आणि सिनेमाची तिकिटं याबद्दल सगळे भरभरून बोलत होते, पण माझ्या कामाच्या तीनच गोष्टी होत्या: फी नसावी, एफडीच्या मानानं लिमिट चांगलं असावं आणि बिलाची तारीख मला निवडता यावी.

तारखेवर मी अडून बसले, कारण मेसचे पैसे मुलं एक ते दहा तारखेत देतात. बिल पाच तारखेला भरायचं असतं तर दर महिन्याला माझा जीव टांगणीला लागला असता. बिलाचं चक्र बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ग्राहकाला दिलाय. तिसऱ्या बँकेतल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "ताई, हे कुणी विचारत नाही," पण त्यांनी करून दिलं. स्टेटमेंट २७ ला, भरायची शेवटची तारीख १६.

एफडी २५,००० ची केली, लिमिट मिळालं २०,०००. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणजे ६,०००. व्यवसायाचे सिलिंडर कार्डावर घ्यायचा मोह झाला होता, पण मेसला महिन्याला पाच लागतात, तेवढ्यानंच मर्यादा ओलांडली असती. म्हणून फक्त विजेचं बिल आणि फोनचे रिचार्ज कार्डावर. बाकी सगळं रोख किंवा यूपीआय.

दुसऱ्याच महिन्यात गडबड झाली. १६ ला संध्याकाळी पैसे पाठवले, ते कार्डावर १७ ला जमा झाले. रात्रभर डोळा लागला नाही. पण शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच दंड लावता येतो आणि थकबाकी कळवता येते, असा नियम आहे, त्यामुळे निभावलं. त्यानंतर ऑटो-पे लावलं. त्या फॉर्मवर मिनिमम ड्यूवर आधीच खूण केलेली होती, ती काढून पूर्ण रकमेवर केली. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२. मिनिमम भरत राहिलं की काय होतं ते मी एकदा भोगलंय.

पहिले चार महिने स्कोअर जवळपास हललाच नाही. फार निराश झाले होते. जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती पंधरा दिवसांनी कळवणं भाग झालं, तेव्हापासून बदल लवकर दिसायला लागला. वर्षभरात ६५२, आता ६८८.

'सेटल्ड' शेरा अजून आहे. माफ झालेले ९१,००० भरले तर तो 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडून बंद झालेलं, असा करून देऊ असं बँक म्हणते. त्यातले ६०,००० साठलेत, बाकीचे जानेवारीपर्यंत होतील. लेकीची बारावी मार्चमध्ये आहे. पैसे भरण्याआधी रक्कम किती आणि शेरा कोणत्या तारखेपर्यंत बदलणार, हे बँकेच्या लेटरहेडवर लेखी घेणार आहे. २०२२ ला पत्र घेतलं होतं, पण रिपोर्टमध्ये काय लिहिलं जाईल हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.