चिंचेखालची रात्र

आमचे अण्णा कुठल्याच देवाला हात जोडायचे नाहीत. घरात आरती सुरू झाली की पेपर उघडायचे. पण मिरजेत मीरासाहेबांचा उरूस आला, की दर्ग्यातल्या संगीत सभेला निघायची सगळ्यात जास्त घाई त्यांनाच.

उरूस चंद्राच्या हिशोबानं येतो, त्यामुळे कधी शाल पांघरून, कधी घाम पुसत रात्र काढलेली. चपला पिशवीत घालून मांडीखाली घ्यायच्या (माझ्या दोनदा गेल्यात) आणि चिंचेच्या झाडाजवळ सतरंजीवर जागा धरायची.

याच आवारात अब्दुल करीम खाँसाहेब गायचे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना तब्येत बिघडली म्हणून ते सिंगपेरुमल कोइल स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. जाण्याआधी फलाटावर दरबारी रागात कलमा गायले, असं सांगतात. त्यांना दफन केलं ते मात्र इथे, मिरजेत. पुढे त्यांच्या आठवणीत हिराबाई, गंगूबाई, भीमसेन असे सगळे इथे गाऊन गेले. मिरजेत याला कार्यक्रम म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

मला गाण्याआधीचा वेळ जास्त आठवतो. सतारमेकर गल्लीतले एक चाचा तंबोऱ्याला कान लावून बसायचे. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेला, दोरा नखानं केसभर पुढे, केसभर मागे. तार नुसतीच वाजत राहायची, आणि मग एकदम बोलायला लागायची. त्या क्षणी अण्णांचे डोळे मिटायचे. गवई अजून खाकरत असायचा, पण अण्णांचं काम झालेलं असायचं.

पहाटे कुणीतरी भैरवीत ‘जमुना के तीर’ घ्यायचं. खाँसाहेबांचीच ठुमरी. पिराच्या दारात कान्ह्याची यमुना, आणि शेजारी पिरावर चढवायची चादर, गलेफ, घेऊन आलेली म्हातारी पदरानं डोळे पुसतेय. एकदा मी विचारलं, “अण्णा, तुम्हाला काय दिसतं हो डोळे मिटल्यावर?”

“दिसायचंय काय त्यात? सा लागतो. गप ऐक.”

उजाडता उजाडता घरी पोचायचो. आई अंगणात त्यांची शाल झटकायची, चिंचेचा बारीक पाला भुरभुर खाली पडायचा.

“देवाला जाऊन आलात वाटतं,” ती म्हणायची.

अण्णा चहा मागायचे.