आमची वाटचाल : पन्हळ लावायची की नाही?

आमच्या पहिल्या पाटीवर ‘गटरची सर्व कामे’ असं लिहिलं होतं. महिनाभरात जे फोन आले, त्यातले निम्मे तुंबलेली मोरी नाहीतर संडासाची लाइन मोकळी करून द्या म्हणणारे. कॅटलॉगमध्ये गटर हाच शब्द होता, आम्ही तो तसाच पाटीवर चढवला. आमचं काम छपराच्या कडेला पावसाचं पाणी झेलून नेणारी नाळ बसवायचं. शेवटी धाकट्या भावाने ब्रश घेतला आणि ‘पन्हळ’ लिहिलं. वडील पत्र्याचं काम करायचे, त्यांच्या तोंडी हाच शब्द असायचा. धंद्यातली आमची पहिली दुरुस्ती ती.

त्याला १६ वर्षं झाली. सुरुवातीला पीव्हीसीच्या तयार पन्हळी आणून जोडायचो. पीव्हीसी उन्हात वाढतं एवढं ऐकून होतो. पण सहा मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ १२ मिलिमीटर लांबतो, हे एका उन्हाळ्याने शिकवलं. दोन्ही टोकं सोल्युशन लावून पक्की केली होती, मधला जोड उकलला. तेव्हापासून जोडात फट ठेवायला लागलो. पुढे कर्ज काढून अखंड पन्हळ काढणारं मशीन घेतलं. ॲल्युमिनियम पत्र्याची गुंडाळी एका बाजूने आत जाते आणि घराच्या लांबीइतकी पन्हळ दुसऱ्या बाजूने बाहेर येते, मध्ये जोडच नाही. मशीन देखणं, हप्ता भारी. आणि हप्ता सुरू झाला की दिसेल त्या घराला पन्हळ हवीच, असं मनापासून वाटायला लागतं. ‘मनापासून’ मुद्दाम म्हणतोय. आम्ही कुणाला फसवत नव्हतो, आम्हालाच ते खरं वाटत होतं. नवं घर, उतरतं छप्पर, टेप धरायची, मीटर गुणिले दर.

त्या भरात एक घर केलं. दोन पाखी, म्हणजे दोन बाजूंना उतरणारं छप्पर, आडव्या मापाने १०० चौरस मीटर. दोन्ही वळचणींना पन्हळ, प्रत्येकीला एकेक उतरता पाइप. काम इतकं सरळ रेषेत झालं होतं की भावाने फोटो काढून ठेवले. पहिल्या मोठ्या पावसानंतर घरच्या काकूंचा फोन आला. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात फरशीच्या सांध्यातून पाणी येत होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, “आधीच्या पावसात पाणी लांबलांब पडायचं, कुठे जायचं कळतही नव्हतं. तुम्ही ते गोळा करून माझ्या खोलीत आणलंत.”

हिशेब सोपा होता, आम्हीच केला नव्हता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासात २५ मिलिमीटर पडला तर त्या छपरावर अडीच हजार लिटर. पूर्वी ते पागोळ्यांनी अख्ख्या वळचणीभर विखरून पडायचं. आता त्यातलं निम्मं, सव्वा हजार लिटर, एकाच पाइपातून एकाच कोपऱ्यात, तेही पायाच्या खड्ड्यात नंतर लोटलेल्या भुसभुशीत भरावावर. भराव खचला, तिथे बशीसारखा खोलगा झाला आणि पाणी भिंतीच्या पोटात शिरलं. पन्हळीत काहीच दोष नव्हता.

भराव काढून ठोकून बसवला, बाहेरच्या बाजूला उतार दिला, पाइप जमिनीखालून तीन मीटर लांब नेऊन सोडला. पैसे घेतले नाहीत. चार दिवस गेले, पण मीटर गुणिले दर ही पद्धत तिथे संपली.

आता नव्या घरी गेलो की मी आधी वर बघत नाही, खाली बघतो. एखाद-दुसरा पाऊस होऊन गेला असेल तर जमीनच सगळं सांगते. पागोळ्यांची रेघ भिंतीपासून किती लांब उमटली आहे? वळचण दोन फूट पुढे आलेली आणि जमिनीला घरापासून बाहेर उतार असेल, साधारण दहा फुटांत सहा इंच, तर बरीचशी घरं पन्हळीशिवाय सुखाने राहतात. तिथे पागोळ्यांखाली हात-दीड हात रुंदीचा खडीचा पट्टा घातला की चिखल उडायचाही थांबतो. याउलट भिंतीवर खालच्या फूट-दीड फुटावर मातीचे शिंतोडे दिसले, चौथऱ्यालगत शेवाळ धरलेलं असलं किंवा चिकण माती पाणी धरून बसली असली, तर मी पन्हळ सुचवतो. आणि टेकडीच्या पोटाशी बांधलेल्या घराला, जिथे जमिनीचा उतारच घराकडे आहे, तिथे नुसती पन्हळ लावून भागत नाही. मागे चर खणून वरचं पाणी वळवावं लागतं. ते आमचं काम नाही, पण सांगायला काय जातं?

काही जागा मात्र वादाच्या नाहीत. दाराच्या डोक्यावर सरळ पडणारी वळचण. दोन पाखी जिथे कोनात मिळतात तिथून सुटणारी धार. वरच्या मजल्याचं पाणी खालच्या छपरावर आपटत असेल ती जागा. सपाट स्लॅब असेल तर प्रश्नच वेगळा, तिथे उतार आणि पाइपांची तोंडं बघायची.

झाडांबद्दल मी जरा कडक आहे. छपरावर फांद्या आल्या असतील तर विचारतो, वर्षातून दोनदा शिडी लावून पन्हळ कोण साफ करणार? उत्तरादाखल घरातले एकमेकांकडे बघायला लागले की मी टेप परत खिशात ठेवतो. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी मागच्या फळीत आणि वाशांच्या टोकांत आरामात जातं. साफ न होणाऱ्या पन्हळीपेक्षा उघडी वळचण बरी.

घर अजून बांधून व्हायचं असेल तर एक गोष्ट मात्र आधीच करून घ्या म्हणून मी मागे लागतो : वळचणीची फळी भक्कम हवी. १२ सेंटिमीटर रुंद अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली की मीटरला साडेपाच लिटर पाणी धरते, म्हणजे दहा मीटरला ५५ किलो. पातळ फळीवर ब्रॅकेट टिकत नाहीत. फळी नीट असली की पन्हळ दोन वर्षांनीही लावता येते. भराव पुरता बसायला तेवढा वेळ लागतोच.

गेल्या वर्षी एकांकडे ४६ मीटरचं माप निघत होतं. जमीन बघून मी म्हटलं, एक पावसाळा जाऊ द्या. परत गेलो तेव्हा फक्त दारावरचा भाग त्रास देत होता. तिथे चार मीटर लावली आणि पाइप खडीच्या खड्ड्यात सोडला. उरलेले ४२ मीटर त्यांनी अजून मागितलेले नाहीत. भाऊ हिशेबाची वही उघडली की त्यांचं नाव काढतोच, आणि मी मशीनला तेल घालायला उठतो.