झाडावर बसून मी करतो तरी काय

वहिनी, मंडळाच्या फराळाला चिवड्याची वाटी हातात देता देता तुम्ही विचारलंत, "अहो, दर वर्षी ऐन दिवाळीच्या आसपास तुम्ही जंगलात जाऊन झाडावर बसता. दिवस दिवस तिथे करता तरी काय?" मी "काही नाही, बसतो" म्हणून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न ऑफिसात होतो, साताऱ्याहून आई फोनवर करते, बायको तर हल्ली प्रश्नही करत नाही, नुसती बघते. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

जातो धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायला, पण खरं तर मी वारा बघतो. हरीण दिसतं ते दहा दिवसांतून एखाद-दोनदा, मिनिटभर. उरलेला सगळा वेळ वारा.

मॅडिसनहून पश्चिमेला दीड-दोन तास गाडी हाकली की किकापू नदीचं खोरं लागतं. अमेरिकेतलं आमचं हे विस्कॉन्सिन राज्य म्हटलं की आपल्याला सपाट शेतं आणि गाई आठवतात, पण हा कोपरा वेगळा आहे. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाने रगडून सपाट केला आणि हा एवढा तुकडा राहून गेला. इथे त्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. चारशे-पाचशे फुटांच्या टेकड्या, माथ्यावर मक्याची शेतं, उतारावर ओकचं दाट रान, तळाला ओढा आणि कुरण. सिंहगड चढलेल्या माणसाला उंचीचं कौतुक वाटणार नाही. पण उतार असे तिरके आहेत की नोव्हेंबरात ओल्या पानांवरून पाय घसरला की थेट ओढ्यात.

त्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात मी जातो. उन्हाळ्यात त्याचे गवताचे भारे गोठ्याच्या माळ्यावर चढवून देतो, त्या बदल्यात त्याने रान मोकळं केलं आहे. पहिल्या वर्षी त्याने मला जागा समजावून सांगितली ती 'सॅडल', 'बेंच', 'पॉइंट', 'ड्रॉ' अशा शब्दांत. मी गोंधळलो. मग एका दुपारी एकट्याने सगळं रान पायाखाली घातलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही तर खिंड! आणि हा पदर, म्हणजे उतारावरची सपाट पायरी, ही डोंगराची सोंड, ही घळ. कॉलेजात असताना दर रविवारी सह्याद्रीत जे शब्द तोंडी असायचे तेच. तेव्हापासून माझ्या फोनमधल्या नकाशावर सगळ्या खुणा मराठीत आहेत. 'वरची खिंड', 'तुटकी घळ', 'कुंपणाचा पदर'. शेतकऱ्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, चला, आता माझ्या जागा कोणी चोरू शकत नाही.

आता दिवाळीच का, तेही सांगतो. खरं तर दिवाळी तिथीने येते, हरणांचा माज सूर्याने. पांढऱ्या शेपटीच्या या हरणांना, व्हाइटटेलना, दिवस लहान होत चालल्याचं कळतं आणि त्या हिशेबाने माद्या माजावर येतात. गाभण काळ साधारण 200 दिवसांचा, म्हणजे नोव्हेंबरात गाभण राहिलेली मादी मे अखेर किंवा जूनमध्ये विते, गवत उभं असताना. त्यामुळे थंडी पडो न पडो, या भागात नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चुकत नाही. एरवी इथला मोठा नर म्हणजे भूत. दिवसा दिसतच नाही. पण या पंधरवड्यात त्याचं खाण्यापिण्यात लक्ष नसतं. मान सुजते, झाडांच्या साली शिंगांनी खरवडून काढतो, जमीन उकरून तिच्यात मुततो, वरच्या फांदीला कपाळ घासून ठेवतो. आणि भर दिवसा हिंडतो. मादी सापडली की दिवस-दोन दिवस तिच्या पाठीशी चिकटून राहतो, मग पुढची. माज संपेतो त्याचं वजन पाचव्या हिश्शाने तरी उतरलेलं असतं. एवढा बेभान झाला तरी एक गोष्ट मात्र तो सोडत नाही, नाक.

डोंगरात दोन वारे असतात. एक फोनवर दिसतो तो, आणि दुसरा डोंगराचा स्वतःचा. रात्री हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून, घळीघळीतून खाली वाहत राहते. सूर्य वर आला, उतार तापला, की तीच हवा परत वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की कोणी मोरीचं बूच काढल्यासारखी पुन्हा खाली. मधे सकाळी एक अर्धा-पाऊण तास असा येतो की तिला कुठे जायचं ते तिचंच ठरत नाही. तो सगळ्यात वाईट.

नर याचाच फायदा घेतो. इथला वारा बहुतेक पश्चिमेचा. तो डोंगराची धार ओलांडून पूर्वेच्या उतारावर उतरतो तेव्हा माथ्यावरचे सगळे वास बरोबर आणतो. त्याच वेळी खालून तापलेली हवा खोऱ्यातले वास घेऊन वर येते. दोन्हींची गाठ पडते ती धारेपासून साधारण एक तृतीयांश खाली. नर नेमका त्या रेषेने आडवा चालतो. एका फेरीत वरची खबर कळते, खालचीही, कुठली मादी कुठे बसली आहे ते बघायला प्रत्येक झाडीत शिरावं लागत नाही. म्हणजे बसायचं त्या रेषेपाशीच, आणि आपला वास मात्र त्या रेषेवर पडू द्यायचा नाही. सगळं कोडं एवढंच आहे. ते सोडवायला मला चार हंगाम लागले.

वारा दिसायला मी म्हाताऱ्या वापरतो. लहानपणी रुईचं बोंड फुटून उडणारी म्हातारी पकडायचो, तीच. इथे शेतांच्या बांधावर मिल्कवीड नावाचं झुडूप असतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या त्याचीच पानं खातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मी त्याची पाच-सहा बोंडं काढून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. झाकण घट्ट लावून, कारण एकदा जॅकेटच्या खिशात तशीच राहिली आणि ड्रायरमधून निघालेल्या सगळ्या कपड्यांवर महिनाभर म्हाताऱ्या नांदत होत्या. पावडरच्या बाटल्याही मिळतात दुकानात, पण पावडर दोन हातांवर विरून जाते. म्हातारी शंभर पावलं दिसते. सोडायची आणि बघत राहायचं. उत्तरेकडे निघालेली बाई मधेच थबकते, उजवीकडे वळते, घळीवर पोचली की एकदम खाली बसते. वहिनी, विश्वास ठेवा, यात तास कसे जातात ते कळत नाही.

तिसऱ्या वर्षी मी वरच्या खिंडीत बसलो होतो. खिंड कोणालाही आवडते, कारण धार ओलांडायची तर हरीणही माणसासारखंच सोपी जागा बघतं. पण वाराही तिथूनच घुसतो आणि पलीकडे जाऊन, नदीत मोठ्या दगडामागे पाणी फिरतं तसा, भोवरा घेतो. उजाडल्यावर म्हातारी सोडली. दहा हात पुढे गेली, थांबली, वळली आणि माझ्या कानाजवळून मागे निघून गेली. त्याच क्षणी उतरायला हवं होतं. पण पहाटे तीनला उठून दोन तास गाडी चालवलेली, बोटं गारठलेली, म्हटलं, बघू. नऊच्या सुमारास नर आला. तसा नर मी नंतर पाहिलेला नाही. चाळीस वारांवर एक पुढचा पाय हवेत धरून उभा राहिला, नाक वर केलं, खूर आपटला, आणि फुर्रकन असा जोरात फुसकारला की माझ्या हातातून बाण निसटायचा राहिला. पांढरं शेपूट निशाणासारखं उभारून तो गेला, आणि खालच्या रानात मला न दिसलेली आणखी तीन-चार शेपटंही त्याच्यामागे गेली.

आता मी तुटक्या घळीच्या काठावर बसतो. ही घळ खालून कुरतडत कुरतडत पदराच्या वरच्या कडेपर्यंत आली आहे, आणि तिच्या वर लगेच मक्याच्या शेताचं तारेचं कुंपण. आडवं जाणारं हरीण घळीत उतरत नाही, वळसा घालून तिच्या डोक्यावरून जातं. वाट पंधरा-वीस वारांच्या चिंचोळ्या पट्टीत येते. माझं मचाण घळीच्या ओठावरच्या ओकवर आहे, पाठ घळीकडे. पश्चिमेच्या वाऱ्यात माझा वास मागे घळीच्या पोकळीवर जाऊन पसरतो, आणि तिथे वास घ्यायला कोणी उभं राहत नाही. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी मी त्या झाडाकडे फिरकतही नाही, कितीही चांगला दिवस असो. जायचं तेही अंधारात, खालून, ओढ्याच्या कडेने, कारण हरणं तेव्हा वर मक्यात असतात आणि गार हवा माझा वास तळाकडेच नेत असते. झाडाला हात लावायच्या आधी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा, हुक दोराला अडकवायचा. इथे बाणापेक्षा झाडावरून पडून माणसं जास्त जायबंदी होतात.

आणि धनुष्यच का, बंदूक का नाही? बंदुकीचा हंगाम नंतर असतो, नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास नऊ दिवस. धनुष्याचा सप्टेंबरच्या मध्यापासून चालू असतो. धनुष्याने हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम आधुनिक काळात पहिल्यांदा सुरू केला तो याच राज्याने, 1934 साली. माझं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य ताणायला साठ पौंडांचा जोर लागतो, पण पूर्ण ताणल्यावर चाकांमुळे हातावर बारा-तेरा पौंडच राहतात, म्हणून थोडं थांबून नेम धरता येतो. मी वीस वारांच्या पुढे बाण सोडत नाही. दोन नऊवारी पातळं एकापुढे एक अंथरली की 18 वार होतात, एवढंच अंतर. बाण सेकंदाला 280 फूट जातो, आवाज अकराशे. दोरीचा आवाज हरणाला आधी पोचतो, ते उडी मारायला अंग खाली दाबतं, आणि लांबचा बाण पाठीवरून जातो किंवा नको तिथे लागतो. तो नको तिथला बाण मला नको.

दोन वर्षांपूर्वी, 9 नोव्हेंबरला, पांढरं दव पडलेलं होतं. आधी मादी आली, शेपूट एका बाजूला धरून, सारखी मागे बघत. मग मागून डुकरासारखी बारीक घुरघुर, प्रत्येक पावलाला एक. शिंगांना आठ टोकं असलेला नर, फार मोठा नाही. त्याचं डोकं जाड ओकमागे गेलं तेव्हा मी दोरी ताणली. म्हाताऱ्या सकाळपासून इमानदारीत घळीकडे जात होत्या. तो उघड्यावर आला तेव्हा मी तोंडाने हळूच 'मॅ' केलं. थांबला. 18 वार.

त्यानंतरचं मी मंडळात सांगत नाही, पण तुम्ही विचारलंत. तो लाथ झाडून पळाला, साठ-सत्तर पावलांवर पानांचा मोठा आवाज झाला आणि शांत. तरी अर्धा तास वरच बसायचं असतं. घाईने मागे गेलं आणि घाव हलका असला तर जनावर उठून मैलभर जातं. खाली उतरलो तेव्हा बाण पानांत रुतला होता, त्यावर गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त. म्हणजे फुप्फुस. गडद असतं तर यकृत, आणि मग तासन् तास थांबावं लागलं असतं. हरीण घळीच्या तोंडाशी पडलेलं होतं. मानेवरून हात फिरवला तर केस दाट, उबदार होते, आणि मागच्या पायांच्या सांध्यांना माजाचा उग्र दर्प. मी बराच वेळ नुसता शेजारी बसलो. वाईट वाटतं का? वाटतं. साताऱ्यात दर रविवारी खाटकाकडे पिशवी घेऊन जायचो तेव्हा वाटायचं नाही, आणि आता मला ते न वाटणंच जास्त विचित्र वाटतं. शिंगं मी भिंतीवर लावत नाही, हे बायकोचं मत आणि हळूहळू माझंही.

मटण लगेच खाता येत नाही. हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग आहे, सीडब्ल्यूडी म्हणतात, या राज्यात तो 2002 साली सापडला आणि आमच्या भागात बराच आहे. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये थांबतं. एका वर्षी निकाल वाईट आला. माणसाला होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण खाऊ नका असंच सांगतात. सगळं टाकून दिलं. हंगामभराची मेहनत काळ्या पिशव्यांत भरताना शिव्याही सुचल्या नाहीत. आठ टोकांच्या नराचा निकाल मात्र चांगला आला. खांद्याचं मटण चिवट असतं, त्याचा घरच्या कांदा-लसूण मसाल्यात कुकरला रस्सा. पाठीच्या पट्ट्या मात्र तव्यावर तुपात परतायच्या, कुकरमध्ये घालणं पाप आहे. चरबी जवळजवळ नसते, म्हणून खिम्यात थोडं तेल जास्त.

तर झाडावर बसून हे एवढं चालतं. यायचं असेल तर सांगा, भावजींनाही आणा. नुसतं बघायला या, दुसरं मचाण आहे, जादा हार्नेस आहे. फक्त माझं जॅकेट गॅरेजमध्ये झाकणाच्या पेटीत का असतं ते आता कळलं असेल, तेव्हा आदल्या दिवशी चकल्या तळू नका.