पंधराची दहा झाली, तेव्हा जुन्या मॅगझिनांचं काय केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. न्यू जर्सीत राहणारा, पिस्तूल बाळगणारा मराठी माणूस म्हटलं की गणपतीच्या पंगतीत हा प्रश्न हमखास येतो. पुण्याहून आलेले काका तर आणखी पुढे जातात: "मग पोलीस आले का रे घरी मोजायला?"

पोलीस आले नाहीत. येऊन त्यांनी मोजायचं कशावरून? सगळी गोम तिथेच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची पेटी. न्यू जर्सीत १९९० पासून एका पेटीत जास्तीत जास्त १५ गोळ्या अशी मर्यादा होती. २०१४ मध्ये विधिमंडळाने ती १० वर आणायचं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ते अडवलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेला. तेव्हा इथे फिल मर्फी नुकतेच गव्हर्नर झाले होते. १३ जूनला त्यांनी सही केली आणि १८० दिवसांची मुदत सुरू झाली. डिसेंबरात ती संपली की दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन नुसतं घरात असणं हाच गुन्हा, दीड वर्षापर्यंत कैद आणि १० हजार डॉलरपर्यंत दंड. आधीपासून होतं, पावती आहे, असल्या सबबींना जागा नाही. एक तर पोलिसांकडे जमा करा, नाहीतर ज्याला ते बाळगायचा अधिकार आहे त्याला द्या, नाहीतर त्यात दहाच बसतील असा कायमचा बदल करा. निवृत्त पोलिसांना तेवढी १५ गोळ्यांची मॅगझिनं ठेवायची मुभा.

काकांचा प्रश्न वेडगळ नाही. त्यांच्याकडे वडिलोपार्जित बाराबोर आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की सोडवून आणायची, हे त्यांना अंगवळणी पडलंय. भारतात परवान्यावर हत्यार नंबरासकट चढलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीने तिनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं, तेव्हा तिसरं कोणाकडे आहे हे सरकारला दप्तर उघडून कळत होतं.

इथे पिस्तुलाच्या बाबतीत न्यू जर्सीचं राज्यही काही कमी नाही. आधी ओळखपत्रासाठी गावच्या पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळख सांगणारी माणसं, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती. मग प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना, तोही ९० दिवसांत वापरायचा, आणि महिन्याला एकापेक्षा जास्त पिस्तूल नाही. मॅगझिन मात्र मोबाइलच्या चार्जरसारखं. हवं तेव्हा काउंटरवरून उचललं, पैसे दिले, निघालो. त्यावर नंबर नाही, कुठे नोंद नाही. कोणाकडे किती आहेत हे सरकारला कधीच ठाऊक नव्हतं, आजही नाही.

त्यामुळे त्या सहा महिन्यांत जे झालं ते प्रत्येकाच्या घरात, दार लावून झालं. नेमबाजीच्या रेंजवर गप्पा रंगायच्या, पण "तू काय केलंस?" असं कोणी थेट विचारत नसे. बरेच जण कोर्टाकडे डोळे लावून बसले होते. राज्यातल्या रायफल आणि पिस्तूल क्लबांच्या संघटनेने दावा लावला होता. सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालयाने स्थगिती नाकारली. अपील कोर्टाचा निकाल आला ५ डिसेंबरला, दोन विरुद्ध एक, कायद्याच्या बाजूने. मुदतीला उरले होते पाच दिवस. हार्डवेअरच्या दुकानात इपॉक्सी, म्हणजे पक्कं चिकटवायचा गोंद, घेताना माझ्या पुढचा माणूस धातूच्या रिव्हेटचं पाकीटही घेत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही.

माझं पिस्तूल ग्लॉक १९, मूळचं पंधराचंच. बायकोने डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरायला लावलं. मॅगझिनच्या बुडाला एक बारीक भोक असतं. त्यात पंच दाबून, दोन्ही बाजू चिमटून तळपट्टी सरकवायची. अंगठा स्प्रिंगवर घट्ट ठेवायचा, नाहीतर ती थेट छताला जाते. आत असतं तरी काय, स्प्रिंग आणि तिच्या डोक्यावर गोळ्या वर ढकलणारा प्लॅस्टिकचा तुकडा. स्प्रिंगच्या खाली एक ठोकळा बसवायचा, म्हणजे तेवढी जागा मेली. मग पट्टी परत लावून नकली गोळ्या भरून बघायच्या. दहावी कुरकुरत गेली, अकरावी काही केल्या जाईना, तेव्हा इपॉक्सी लावली. नुसत्या इपॉक्सीवर माझा भरवसा नव्हता, म्हणून पट्टीतून आरपार भोक पाडून रिव्हेटही ठोकला. रात्रभर घरात त्याचा वास होता.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. असं बुजवलेलं मॅगझिन नंतर उघडून साफ करता येत नाही. रेंजवर ते जमिनीवर पडतं, आत माती जाते, आणि मग स्प्रिंग अडखळायला लागते. माझी दोन अशीच गेली. शेवटी सगळ्यांनी केलं तेच मीही केलं, कारखान्यातूनच दहाची म्हणून येणारी मॅगझिनं विकत घेतली. कंपन्यांनी ती कधीपासूनच काढलेली आहेत, कारण कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स ही गिऱ्हाइकं त्यांना सोडायची नव्हती.

दुसरी वाट होती डेलावेअर नदीच्या पलीकडे. पेनसिल्व्हेनियात अशी मर्यादाच नाही. आमच्याकडून पूल ओलांडला की पाच मिनिटांत तेच मॅगझिन कायदेशीर. ज्यांचा भाऊ, मेहुणा, जुना मित्र तिकडे होता त्यांनी पिशवी भरून तिकडे नेऊन ठेवली. काही जण तिकडच्याच रेंजवर जातात, तिथेच वापरतात, तिथेच ठेवून येतात. हे कायद्यात बसतं, पण मला त्याचं हसूही येतं.

आणि काहींनी काहीच केलं नसेल. मला कोणी सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही.

मग मी का केलं, कोण बघायला येणार होतं, हा तुमचा पुढचा प्रश्न. दोन कारणं. एक, न्यू जर्सीतल्या बंदूकवाल्यांना माहीत असलेला एक जुना खटला. मार्लिन मॉडेल ६० ही .२२ ची, म्हणजे बारीक गोळीची, साधी रायफल, डबे आणि खारी मारायची. एका माणसाला ती नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस मिळाली होती. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या बसत, म्हणजे १९९० च्या कायद्याच्या वर दोन. १९९६ मध्ये अपील कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली. किती बसतात ते ठाऊक नव्हतं, हे त्याचं म्हणणं चाललं नाही. बंदूक बाळगतोस तर काय बाळगतोस ते तुला ठाऊक असलंच पाहिजे, असा एकूण सूर. (२०१८ च्या कायद्याने असल्या नळीच्या .२२ ला सूट दिली. बावीस वर्षं उशिरा.)

दुसरं कारण आपल्या लोकांचं. तेव्हा मी ग्रीन कार्डवर होतो. एच-१बी वर असताना, शिकारीच्या परवान्याचा अपवाद सोडला तर, बंदूक घेताच येत नाही. ग्रीन कार्डवर येते. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. इथे जन्मलेल्या माझ्या शेजाऱ्याला ते मॅगझिन कपाटाच्या मागे ढकलून विसरणं परवडेल. मला परवडणारं नव्हतं.

आता माझं मत, कारण तेही तुम्ही विचारताच. दहाची मर्यादा मला मान्य आहे. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉनला खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा हल्लेखोराच्या पिस्तुलात ३३ चं मॅगझिन होतं. ते रिकामं झालं आणि तो दुसरं भरायला लागला, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्याला खाली पाडलं. एका बाईने ते दुसरं मॅगझिन त्याच्या हाताला लागू दिलं नाही. भरायला लागणारे ते दोन-तीन सेकंद मी रेंजवर रोज बघतो. सराव असलेल्याला ते काहीच नाहीत, घाबरलेल्याला फार आहेत. माझे रेंजवरचे मित्र म्हणतात की घरात घुसलेल्या चोरासमोर तेच सेकंद माझ्या विरुद्ध जातील. ते खोटं नाही. पण मला पहिली गोष्ट जास्त पटते.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ची मर्यादा घातली, वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये १० ची. पण आधीपासून जवळ असलेली ठेवा म्हणाले. वाटतं, किती समजूतदार. आता मला सांगा, नंबर नसलेलं मॅगझिन कायद्याच्या आधीचं की नंतरचं, ते कसं ओळखणार? बहुतेक वेळा नाहीच ओळखता येत. म्हणजे तो कायदा फक्त दुकानदाराला लागू झाला. कॅलिफोर्नियात तर मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी बंदी रद्द ठरवली आणि त्यांनीच स्वतःच्या आदेशाला स्थगिती देईपर्यंत आठवडाभर लोकांनी धडाधड मॅगझिनं मागवून घेतली. 'फ्रीडम वीक' म्हणतात त्याला. मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने बंदी परत ग्राह्य धरली, पण आलेली मॅगझिनं कुठे जाणार? त्यापेक्षा न्यू जर्सीचा कायदा कडक असला तरी सरळ आहे: कोणाकडेच नको. फक्त तो पाळला कोणी? ज्यांनी ठसे दिले, अर्ज भरले, ९० दिवसांचे परवाने सांभाळले, त्यांनीच. निदान जमा करणाऱ्याला मोबदला तरी द्यायचा. छदाम दिला नाही.

रेंजवरचं आयुष्य फारसं बदललं नाही. स्पर्धेत ३२ गोळ्यांचा लांब टप्पा असला की पूर्वी दोनदा मॅगझिन बदलायचो, आता तीनदा, आणि चालता चालता बदलायची सवय झाली आहे. अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये 'लिमिटेड १०' असा गटच आहे, तिथे टेक्सासवालाही दहावरच असतो. १९११ पद्धतीचं जुनं .४५ चं पिस्तूल वापरणाऱ्यांना काही फरक पडलाच नाही. त्यांच्यात मुळातच सात-आठ बसतात, आणि ते हे हसून सांगतात. दुकानात मात्र फरक दिसतो. दहाच बसणार असतील तर मोठं धूड कशाला, म्हणून लोक सिग पी३६५ सारखी छोटी पिस्तुलं घेतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानंतर इथे बाहेर पिस्तूल बाळगायचे परवाने मिळायला लागले, तेव्हापासून तर जास्तच.

कोर्टाचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये न्यायाधीश पीटर शेरिडन यांनी एआर-१५ रायफलीवरची बंदी रद्द ठरवली पण दहाची मर्यादा ठेवली, आणि दोन्ही बाजू अपिलात गेल्या. तेव्हा टेक्सासहून किंवा पेनसिल्व्हेनियातून इकडे बदली होऊन येणार असाल, तर सामानाचा ट्रक भरण्याआधी मॅगझिनं वेगळी काढा आणि तिकडेच विकून टाका. मूव्हर्सवाले विचारणार नाहीत. पूल ओलांडल्यावर ते तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागेल.