तेल वर तरंगलं, मावा खाली राहिला

ढोबळी मिरचीच्या पानांवर पांढरा कोंडा दिसला तेव्हा मला वाटलं, फवारलेल्या खताचे डाग असतील. तो डाग नव्हता, कात होती. मावा ही पानातला रस शोषणारी कीड वाढताना टाकते ती. पान उलटं केलं तर शिरेच्या दोन्ही बाजूंना पोपटी किडे दाटीवाटीनं बसलेले, आणि खालच्या पानांवर त्यांच्या गोड चिकट्याचा थर. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढायला लागली होती. मुंग्यांना माझ्या आधी खबर लागली होती.

पॉलिहाऊसमध्ये माव्याचं चांगलंच फावतं. पाऊस अंगावर पडून धुऊन जाण्याची भीती नाही, शत्रूकीटक सहसा आत येत नाहीत, ऊब कायम. मादीला नराची गरज लागत नाही, अंडी न घालता ती थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. आधीच्या हंगामात मी एकाच गटातलं कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं होतं. शेवटी शेवटी त्याचा उपयोग होईनासा झाला. शिवाय मिरचीची तोडणी चार-पाच दिवसांनी, मग फवारणी आणि तोडणीतलं अंतर पाळायचं कसं? म्हणून तेलाकडे वळलो.

तेल मुख्यतः विष म्हणून काम करत नाही. किडीच्या अंगावरची श्वास घ्यायची छिद्रं ते बुजवतं, कीड गुदमरते. त्यामुळे तेलाला मावा सहजासहजी सरावत नाही. पण ज्याच्या अंगाला लागलं तोच मरतो, बाजूचा जिवंत राहतो. हे मी ऐकलं होतं. किती शब्दशः खरं आहे ते नंतर कळलं.

पहिल्या दिवशी टाकीत पाणी भरलं, लिटरला पाच मिली या हिशेबानं निंबोळी तेल ओतलं, वरून थोडा पातळ साबण, काठीनं ढवळलं आणि सुरुवात केली. दोन दिवसांनी पाहतो तर पहिल्या ओळींत मावा जसाच्या तसा, आणि शेवटच्या दोन ओळींतली पानं तेलकट, आरपार दिसणारी, कडेनं करपायला लागलेली. फुलंही गळली. एकच टाकी, एकच दिवस, मग हे काय? आधी तेलालाच नावं ठेवली.

उत्तर काचेच्या बरणीत सापडलं. तेच मिश्रण बरणीत करून ठेवलं, दहा मिनिटांत तेलाचा पिवळा थर वर आला. पंप पाणी ओढतो टाकीच्या तळातून. म्हणजे पहिल्या ओळींना नुसतं साबणाचं पाणी मिळालं आणि शेवटच्यांना जवळजवळ निव्वळ तेल! भरीस भर, माझ्या बोअरचं पाणी जड. त्यात साबण फाटून दह्यासारख्या गुठळ्या होत होत्या, तो तेलाला धरून काय ठेवणार?

नंतर क्रम बदलला. बाटलीत आधी तेल आणि साबण, मग थोडं कोमट पाणी, आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत जोरात हलवायचं. ते दूध साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ओतायचं. बरणीत थोडं काढून ठेवायचं. थर आला तर ते टाकीत जात नाही. दोन ओळी झाल्या की टाकी पुन्हा ढवळायची आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. तयार खनिज तेल मिळतं त्यात मिसळणारं द्रव्य आधीच असतं, त्याला ही कसरत कमी. पण त्याचं प्रमाण वेगळं, साधारण एक ते दोन टक्के, म्हणून लेबल वाचल्याशिवाय हात लावू नये.

दुसरी गोष्ट पानाची खालची बाजू. नोझल वाकडं करून खालून वर मारायला लागलो, तेव्हा वेळ दुप्पट लागला आणि मान अवघडली. याला दुसरा इलाज मला तरी सापडला नाही. वेळ पहाटेची धरली. पॉलिहाऊस बत्तीस अंशांच्या वर तापलं किंवा झाड पाण्याला आलेलं असलं की तेल पान भाजतं. दमट, कोंदट हवेत ते वाळत नाही, तेही वाईट. काकडीच्या भागात भुरीसाठी, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, गंधक मारून दहाच दिवस झाले होते, तिथं तेल नेलंच नाही. गंधक आणि तेल यांच्यात दोन ते चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. यावेळी आधी चार झाडांवर मारून दोन दिवस वाट पाहिली.

मेलेला मावा लगेच गळून पडत नाही. तपकिरी होऊन, आक्रसून पानालाच चिकटून राहतो. घाईत पाहणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही. भिंग घेऊन सुईच्या टोकानं हलवलं की कळतं, पाय हलतात की नाही. पहिल्या चांगल्या फवारणीनंतरही शेंड्याच्या मिटलेल्या पानांत जिवंत पिल्लं होतीच. म्हणून सहाव्या दिवशी दुसरी, आणि तशीच तिसरी.

तिसरीच्या आधी दोन-तीन झाडांवर फुगलेले, सोनेरी, गोल मावे दिसले. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत होतं. ती झाडं वगळली. तेल अंगावर पडलं तर मित्रकीटकही मरतो, पण वाळल्यावर फारसं नडत नाही. पुढे अशा ममी, म्हणजे आतून पोखरलेले फुगीर मावे, वाढत गेल्या आणि चौथी फवारणी करावी लागली नाही.

करपलेल्या दोन ओळींना नवी पालवी फुटायला तीन आठवडे लागले. पुढच्या वेळी पंखवाला मावा आला तो थेट तिथेच उतरला, कारण सगळ्यात कोवळी पानं त्याच ओळींत होती.