नावांमागची पायपीट, फेरी सातवी: चार पुतळा ते साखर पेठ

शनिवारी सकाळी आपल्या सोलापूरच्या चार पुतळ्यापासून निघालो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेली आपली माणसं. इथून फेरी सुरू केली की आधी चौघांची नावं घ्यायची, हा माझा नेम आहे.

किल्ल्याला वळसा घालून विजापूर वेस. कर्नाटकानं २०१४ साली विजापूरचं विजयपूर केलं, आपली वेस मात्र विजापूरचीच राहिली. दरवाजा नाही, पलीकडच्या गावाचं नावही बदललं, तरी रिक्षातून उतरणारा माणूस 'वेशीत सोडा' म्हणतो. मला हे फार आवडतं.

मग माणिक चौक, मधला मारुती आणि ज्याच्यासाठी निघालो होतो ती चाटी गल्ली. लहानपणापासून आईबरोबर इथे येतोय, पण 'चाटी' म्हणजे काय हे कधी विचारलंच नव्हतं. एका दुकानात शिरलो. काका लोखंडी पट्टीवर अस्तराचं कापड मोजत होते. पट्टीच्या दोन्ही टोकांचा रंग बोटांनी घासून चकचकीत झालेला.

"काका, चाटी म्हणजे काय ओ?"

"चाटी म्हणजे चाटी गल्ली, मालक. अजून काय?"

घरी येऊन मोल्सवर्थचा कोश काढला. चाटी म्हणजे कापड विकणारा! बोलण्यातून तो शब्द कधीच गेला, आता कुणी कापडवाल्याला चाटी म्हणत नाही. पण गल्लीनं तो धरून ठेवला, आणि त्या गल्लीत आजही कापडच मोजलं जातंय. पुढच्या खेपेला काकांना हे सांगायला जाणार आहे.

साखर पेठेत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. तेलुगू अक्षरांच्या पाट्या, आतून मागांची खटखट. साखरेचा धागा काही हाती लागला नाही.

नव्यानं फिरणाऱ्यांनी एक करा: दुकानाच्या पाटीची शेवटची, बारीक ओळ वाचा. पेठेचं जुनं नाव बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पुढची फेरी तेलंगी पाच्छा पेठ. पाच्छा म्हणजे पातशहा. तेलंगणातनं आलेली माणसं आणि पातशहा एकाच पाटीवर! पाणी जास्त घेऊन, सकाळी सातलाच निघणार.